मंगळवारपासून हरवलेल्या गाड्या

१

लेक सुलोचनाच्या थोरल्या मुलाचं बारसं ज्या माघात झालं, ते दोन हजार पाच साल. रामचंद्राला वर्षं आकड्यांनी कधीच लक्षात राहिली नाहीत. घरात कोण जन्मलं, कोण उजवलं, यावरून तो ती ओळखी. पण या नातवाच्या बारशाचं साल त्याच्या डोक्यात वेगळ्याच कारणानं पक्कं बसलं.

पेडणे तालुक्यात, धारगळच्या पुढे, मोप्याच्या पठाराखाली देवणवाडा नावाचा गाव. गावाच्या आणि हमरस्त्याच्या मधून रेल्वे जाते, आणि जाण्यायेण्याची वाट एकच, ती फाटकातून. बारशाला सावंतवाडीकडची सोयरी मंडळी आली ती घामाघूम होऊन. फाटक चाळीस मिनिटं बंद होतं.

"आधी एक मालगाडी, तिच्या मागसून दुसरी," विहीणबाई पंख्याखाली बसत म्हणाल्या. "दुसऱ्या गाडीवर ट्रक बसान चल्ले होते. ट्रक रेल्वेत बसतत आणि माणसां उन्हात उभी. तुमच्या गावात हेका काय म्हणतत?"

"प्रगती म्हणतत," रामचंद्राचा जावई म्हणाला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात सत्यवती आली. रामचंद्राची शेजारीण, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा मधुकर पंचायतीत कारकुनाच्या हाताखाली. बारशाला यायची ती नटूनथटून यायची, पण आज अंगावर घरचंच लुगडं. तिनं पाळण्याकडे पाहिलंही नाही. रामचंद्राच्या पायाशी बसली.

"मामा, माझ्या झिलाक गाव चोर म्हणता."

पंचायतीच्या फळ्यावर रेल्वेचं पत्र लागलं होतं. रामचंद्र पाहुण्यांना तसाच सोडून निघाला. फळ्यासमोर उभा राहून त्यानं पत्र बोट फिरवत स्वतः वाचलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी अक्षर शिकलेल्या माणसाला दुसऱ्याकडून वाचून घेण्याची आता गरज नव्हती, आणि दर वेळी वाचताना त्याला ते शिकवणाऱ्या मालतीबाईंची आठवण येई.

पत्रातला मजकूर साधा होता. देवणवाड्याच्या फाटकावर सात दिवस वाहनं मोजली. रुळावरून रोज किती गाड्या जातात आणि रस्त्यावरून किती, यांचा गुणाकार करून ठरतं की पूल द्यायचा, खालून वाट द्यायची, की काहीच नाही. देवणवाड्याचा गुणाकार फार कमी आला. म्हणून पूल नाही, खालची वाटही नाही. आणि एवढ्या थोड्या वाहनांसाठी फाटक ठेवणं परवडत नाही, सबब एक एप्रिलपासून फाटक कायमचं बंद. गावकऱ्यांनी पाच किलोमीटरचा वळसा घालून जावं.

सात दिवस खुर्ची टाकून वाहनं मोजणारा होता मधुकर.

"ह्या गावातसून रोज अडीचशे दुचाक्यो जातत," मागून कोणीतरी बोललं. "ह्या मधुकरान, मधल्यान गिळल्यान. रेल्वेन काय घातल्यान तेच्या तोंडात, देव जाणे."

सत्यवतीनं पदर तोंडाला लावला. रामचंद्रानं पत्र चौथ्यांदा वाचलं. मग म्हणाला, "गो बाय, रडू नको. गाड्यो गिळूक येणत नाय. त्यो खंय तरी असतल्यो."

२

रामचंद्राकडेच सत्यवती का आली, याला कारण होतं. गोवा मुक्त झाल्यावर दोडामार्गाकडून जी कुटुंबं खाणींवर कामाला उतरली, त्यांतलं एक त्याचं. डिचोलीच्या रस्त्यावर तो पुढे मुकादम झाला. साखळीकडे जाणारे खनिजाचे ट्रक मोजायचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा त्याला एकही अक्षर येत नव्हतं. मग त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला आणि चिंचोके. ट्रक गेला की चिंचोका डब्यात. संध्याकाळी साहेबाच्या मेजावर डबा उपडा करायचा. अकरा वर्षांत एक चिंचोका चुकला नाही. तो डबा अजून त्याच्या माळ्यावर होता.

मधुकर घरातच बसून होता, दार-जनेल लावून. त्याच्याकडे नोंदवहीची पंचायतीची प्रत होती. रामचंद्रानं ती मांडीवर घेतली.

एकोणतीस नोव्हेंबर, सोमवार: स्कूटर आणि मोटरसायकली दोनशे एकतीस, सायकली छत्तीस.

तीस नोव्हेंबर, मंगळवार: स्कूटर आणि मोटरसायकली एकोणीस, सायकली चार.

बुधवारी बावीस आणि चार. गुरुवारी सतरा आणि चार. रविवारपर्यंत तसंच.

"मधु, सोमवारी दोनशे एकतीस आणि मंगळवारी एकोणीस?"

"मामा, मी समोर बघितलं ते लिहिलं. वरती छापलं होतं, फाटकावरून चालवत नेलेली वाहनं लिहावी, पायी जाणारी माणसं लिहू नयेत. मी तेच केलं. डोळा लवला नाही माझा."

"मग तुका नवल नाय वाटला? एका रातीत दोनशे गाड्यो कमी?"

"वाटलं. पण नोंदवही रोज संध्याकाळी रेल्वेचा माणूस घेऊन जाई, दुसऱ्या दिवशी कोरं पान देई. बेरीज मी आजच पाहिली."

रामचंद्राला पोराचा चेहरा खोटा वाटला नाही. पण सोमवारी खरं आणि मंगळवारपासून खोटं लिहिणारा माणूस असाच असतो. सोमवारी रात्री त्याला कोणीतरी भेटलेलं असतं.

"सोमवारी आणि मंगळवारी काय वेगळा घडला? आठव."

"काही नाही." मधुकरनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मंगळवारपासून दुपारचं जेवण गोकुळदासबाबांच्या घरून यायला लागलं. सहाही दिवस. माशांची आमटी, सोलकढी. मी मागितलं नव्हतं, मामा."

दारात उभ्या सत्यवतीच्या हातातला पाण्याचा पेला तिथंच थांबला. गावात पूल नको म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो गोकुळदास गावकर.

३

गोकुळदासाचं कुळागर फाटकाच्या अगदी लगत. माड, पोफळी, मिरवेली. वरून पूल आला असता तर त्याचा उतार दोनशे मीटर लांब येऊन बरोबर त्या कुळागराच्या छातीवर बसला असता. हे त्यानं ग्रामसभेत चारदा सांगितलं होतं.

"ये, रामचंद्रा. बस. मधल्याक जेवण कित्याक घातलं, हा विचारूक इलंस मां?" गोकुळदास सोप्यावरूनच म्हणाला. "विचार. गाव आधीच विचारून गेलो."

"मग सांग."

"तेच्या बापाशीन माझो बैल रुळावरसून ओढून काढलो होतो. गाडी दिसत होती समोर. बैलाखातीर जीव घालणारो माणूस. तेचो झील माझ्या कुळागराच्या तोंडार उपाशी बसात तर मी जेवू कसो?"

"उपकार आठवले ते मंगळवारी. सोमवारी कित्याक नाय?"

"सोमवारी आमच्या घरातसून अन्न भायर जाणा शक्य होता?" गोकुळदास चिडला. "आणि आयक. माका वरचो पूल नको, ह्या खरा. खालची वाट केली तर पावसात तळी होतली, ह्या पण मी बोललंय. पण फाटकच बंद केला तर माझे नारळ काय विमानान जातले? ह्या माका कित्या व्हया?"

ते खरंच होतं. रामचंद्र उठला. घरातून पानसुपारी येण्याआधीच उठला, आणि गोकुळदासाचं एक वाक्य त्याच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. ते त्याला पुढे दोन दिवस सापडलं नाही.

तिथून तो फाटकावर गेला. फाटकवाला विठू कुडाळकडचा, आठ वर्षं तिथंच. फाटकाच्या कडेला किंदळीचं जुनं झाड आणि त्याखाली वाटेवरचा राखणदार: एक काळा दगड, पुढे पणती. रेल्वेवाल्यांनी रूळ टाकताना तेवढी जागा सोडली होती. रामचंद्रानं चपला काढून हात जोडले आणि विठूच्या खोलीपुढे बांकावर बसला.

"माझ्यार संशय आसा काय, मामा?" विठूनं हसून विचारलं. "असलो तर खुळे आसात. पूल झालो तरी माझी खुर्ची जातली, खालची वाट झाली तरी जातली, आणि फाटक बंद झाला तरी जातली. तिन्ही बाजून मीच उडतंय. मी कोणाची बाजू घेव?"

"त्या आठवड्यात कायतरी वेगळा दिसला तुका?"

"नाय. तेच्या आदी मात्र धांदल. बाबुराव गावकर वारले ना, गोकुळदासाचे चुलते? वीस तारखेक. मयत घेवन लोक इलेले आणि मी फाटक उघडू शकलंय नाय. तिरडी अर्धो तास उन्हात. मेल्यावर पण माणसान फाटकात वाट बघायची." विठू थोडा थांबला. "आणि मालतीबाई गेल्या साली रिक्षात बसान हयसर तडफडल्यो, त्या तर मी जल्मात विसरूचंय नाय. बावीस मिनिटां, मामा. मी वारो घालत होतंय आणि समोरसून गाडी सरना नाय."

रामचंद्राला ते माहीत होतं. छातीत कळ आलेल्या मालतीबाई म्हापशाच्या आझिलो इस्पितळात पोचल्या त्या विठूनं पाणी पाजून, धीर देऊन जाग्या ठेवल्या म्हणून. आता त्यांना दर पंधरा दिवसांनी तिथं जावं लागे. फाटक बंद झालं तर पुढच्या कळीला पाच किलोमीटरचा वळसा. बावीस मिनिटं तरी संपली होती. वळसा दर वेळी तेवढाच राहणार होता.

"विठू, मधल्यान खोटा लिवला असा तुका वाटता?"

"मी सातय दिवस तेच्या बाजूक होतंय. तो जा लिवी ता मी बघी. मामा, तेणा खोटा लिवला नाय. आणि हीच गोष्ट माका कळना नाय."

४

मालतीबाईंच्या घरी गेल्यावर रामचंद्र आजही उंबऱ्याच्या आत बसत नसे. ओसरीवर, जिथं वीस वर्षांपूर्वी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरे, तिथंच. मुकादमीतून घरी आलेला, बोटं फावड्याला सरावलेली, पाटीवरची पेन्सिल मोडून मोडून टाकणारा माणूस. बाई त्याच्याहून लहान. एकदाही हसल्या नव्हत्या.

त्यानं नोंदवही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"रामचंद्रभाऊ, वजाबाकी कशी शिकवली होती मी तुम्हांला?"

"चिंचोके काढून."

"काढलेले चिंचोके मोजायचे, की उरलेले?"

"उरलेले."

"मग तेच करा. सगळा गाव गेलेल्या गाड्या मोजतोय. उरल्या कोणत्या, ते कोणी पाहिलंय?"

त्यानं पुन्हा पान उघडलं. मंगळवारपासून बसच्या फेऱ्या चौदा. रोज चौदाच असतात. एकही चोरीला गेली नव्हती. टेम्पो आणि रिक्षा सोमवारी चाळीस, मंगळवारी बेचाळीस. म्हणजे मोठी वाहनं जागच्या जागी. लबाडी करणारा माणूस आधी जड वजन उचलतो. हा चोर बस सोडून सायकली नेत होता.

"आणि सायकली कोणाच्या उरल्या?" बाईंनी विचारलं.

"चार. चारच." रामचंद्र बोटं मोजू लागला. "पोदेर सकाळी येतो-जातो, संध्याकाळी येतो-जातो. पावाची सायकल. ती चार."

"पोदेर आपल्या गावचा?"

"नाही. पलीकडच्या गावचा, ख्रिस्तांव."

"मग बाहेरच्या माणसाची सायकल कागदावर येते आणि आपल्या माणसाची येत नाही," मालतीबाई म्हणाल्या. "का, ते मला इथं बसून सांगता यायचं नाही. मी फाटकातून जाते ती रिक्षात आडवी होऊन. तुम्ही पायांनी जाता."

संध्याकाळी जावई त्याला स्कूटरवरून आणायला आला. हमरस्त्यावरच्या दुकानातून बाळासाठी तेल घ्यायचं होतं, म्हणून दोघे फाटकाकडून निघाले. किंदळीपाशी जावयानं स्कूटर थांबवली. दोघे उतरले. जावयानं गाडीचं यंत्र बंद केलं आणि हॅण्डल धरून ती ढकलत रुळांवरून नेऊ लागला. रामचंद्र मागून चालत होता, हात जोडत, जन्मभर चालला तसा.

मागून भोंगा वाजला. पोदेर. तो सायकलवरच बसून आला, राखणदाराकडे पाहून त्यानं टोपी उचलली आणि टांगटांग करत रूळ ओलांडून निघून गेला.

रामचंद्र रुळांच्या मधोमध उभा राहिला.

"मामा, सरा," विठू खोलीतून ओरडला. "गाडी सुटली थिविमातसून."

"सरतंय रे," रामचंद्र म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाबुराव वारले ती तारीख परत सांग माका."

५

रेल्वेची अभियंता कमलाक्षीबाई आठ दिवसांनी आली. सरपंचांनीच बोलावली होती, अर्ज देऊन. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की अशा गावसभा तिनं पुष्कळ पाहिल्या आहेत.

"आजोबा, कागद म्हणजे कागद. तुमच्याकडे दुसरा काय पुरावा आहे?"

"बाईनू, अर्धा तास या खुर्चीवर बसा. तुमच्या नियमानं मोजा. मी माझ्या नियमानं मोजतो." रामचंद्र बांकावर बसला आणि पत्र्याचा डबा मांडीवर घेतला.

सकाळची नऊची वेळ. गाव कामाला निघालेला. डब्यात टक टक आवाज होऊ लागला. माणसं जमली. सत्यवती मुलाला घेऊन कडेला उभी राहिली.

अर्धा तास झाला. "माझे पाच," कमलाक्षीबाई म्हणाली. "दोन रिक्षा, एक बस, एक टेम्पो, एक पाववाला."

रामचंद्रानं डबा उपडा केला. अडतीस चिंचोके.

"हे कसले?" तिनं विचारलं.

गर्दीला बाजूला सारत गोकुळदास पुढे आला. "रामचंद्रा, भर सभेत माझा नाव घेणार आसंस म्हणान आयकला. म्हणान इलंय."

"बरा झाला इलंस. कशान इलंस?"

"कशान म्हणजे? स्कूटरीन."

"बाईनू, या गृहस्थांची स्कूटर लिहिली तुम्ही?"

तिनं कागद पाहिला. मग गोकुळदासाच्या हाताकडे पाहिलं. स्कूटरचं हॅण्डल अजून त्याच्या मुठीत होतं. तो ती पलीकडून ढकलत आणून उभा होता. "नाही. हे चालत आले."

"चालतच येतात," रामचंद्र म्हणाला. "या झाडाखाली आमचा राखणदार. त्याच्यापुढून गाडीवर बसून जायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. किंदळीपाशी उतरायचं, पलीकडच्या खांबापाशी बसायचं. आम्ही ते इतकी वर्षं करतो की आपण करतो हे आम्हांलाच दिसत नाही. मधुकर याच गावचा. त्यानं चालणारा माणूस पाहिला आणि नियमाप्रमाणे सोडून दिला. बसवाला उतरू शकत नाही, म्हणून बस राहिली. पोदेर उतरत नाही, म्हणून त्याच्या चार फेऱ्या राहिल्या, आणि बाहेरगावच्यांच्या दहा-वीस स्कूटरी."

"मग सोमवारी दोनशे एकतीस कशा?" सरपंचांनी विचारलं.

"बाबुराव वीस नोव्हेंबरला वारले. गावातली बहुतेक घरं गावकरांची, एकाच कुळीची. दहा दिवस सुतक. सुतकात देवाला हात जोडत नाहीत, म्हणून कोणी उतरलं नाही. सगळे गाडीवर बसून गेले. सोमवार हा दहावा दिवस. मंगळवारी शुद्ध झाले आणि परत उतरून चालू लागले." तो गोकुळदासाकडे वळला. "आणि सुतकाच्या घरचं अन्न परक्या माणसाला देत नाहीत. म्हणून पहिला डबा मंगळवारी आला. तू माका सांगितलंस, सोमवारी अन्न भायर जाणा शक्य नव्हता म्हणान. माझ्या कानात ता शिरला नाय. माका क्षमा कर."

गोकुळदासानं स्कूटर घोडीवर लावली. मधुकरकडे गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "सगळ्यांनी मेल्यांनी पोराक चोर केलात. आता कोण तेच्या घरा जावन सांगतला?" आणि पहिली तीच सत्यवतीकडे चालत गेली.

कमलाक्षीबाई चिंचोके ओंजळीत घेऊन पाहत होती. "ढकललेली गाडीही गाडीच," ती म्हणाली. "आमच्या कागदानं राखणदार धरलाच नव्हता. परत मोजू. सात दिवस. आणि आजोबा, या वेळी तुम्ही माझ्या माणसाशेजारी बसा."

६

दुसऱ्या मोजणीत रोजच्या दुचाक्या दोनशे चाळीसच्या खाली गेल्या नाहीत. फाटक बंद करायचं पत्र मागे घेतलं गेलं. वरच्या पुलाइतका गुणाकार आला नाही, हेही खरं. पण रुळाखालून वाट द्यावी इतका आला.

गोकुळदास पुन्हा म्हणाला की खालच्या वाटेची पावसात तळी होणार. या वेळी रामचंद्रानं त्याची बाजू घेतली. जन्म रस्त्यावर गेलेला माणूस, पाण्याचा उतार त्याला पायांनी कळे. फाटकापाशी जमीन बशीसारखी. तिथं खणलं तर श्रावणात म्हशी डुंबतील. पण शंभर पावलं दक्षिणेला रूळ भरावावरून जातात आणि खाली व्हाळ वाहतो. तिथं वाट काढली तर फार खणावं लागत नाही, पाणी आपसूक व्हाळात उतरतं, कुळागर वाचतं आणि राखणदाराला कोणी हलवत नाही. कमलाक्षीबाईनं तीन वेळा येऊन मोजमाप घेतलं. जोडरस्त्यासाठी जी पट्टी लागली, ती गोकुळदासाच्या पडीक जमिनीतली होती. त्यानं हरकत घेतली नाही.

वाट व्हायला चार वर्षं लागली. मोठी बस तिच्यातून जात नाही, ती हमरस्त्यावरच थांबते; दोन पावसांत घोटाभर पाणी साचलं तेही खरं. पण कोणी थांबत नाही. विठूची बदली कुडाळलाच झाली, घराजवळ, आणि जाताना त्यानं राखणदाराला नारळ दिला. मधुकर पंचायतीत कायम झाला. गावातली माणसं खालच्या वाटेत शिरण्याआधी अजूनही गाडीवरून उतरतात, किंदळीकडे तोंड करून हात जोडतात आणि मग बसून निघतात. त्यांना कोणी सांगायला गेलं नाही की आता गरज नाही.

मालतीबाईंना पुढे तीनदा कळ आली. तीनही वेळा रिक्षा खालच्या वाटेनं न थांबता गेली आणि बाई परत आल्या. प्रत्येक वेळी रामचंद्र ओसरीवर बसून त्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी, जोडाक्षरावर अडखळला तर त्या डोळे मिटूनच दुरुस्त करीत. एवढी तीन वर्षं जास्तीची मिळाली, असं तो म्हणे.

चौथ्या कळीला घरीच सगळं संपलं. त्यांची तिरडी खालच्या वाटेनं गेली तेव्हा वरून गाडी धडधडत चालली होती. खांदेकरी थांबले नाहीत. रामचंद्र मागून काठी टेकत चालत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक चिंचोका होता.

मालती सदाशिव प्रभू, देवणवाड्याच्या शाळेतल्या शिक्षिका, मंगळवार दिनांक सहा मार्च दोन हजार बारा रोजी सकाळी वारल्या. तारीख रामचंद्रानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली आहे.